जीर्णोद्धार

(वळ, तालुका भिवंडी येथे श्रावणातील अखंड हरिनाम सप्ताहात झालेले कीर्तन)

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप श्रोतेहो, सेवेसाठी घेतलेला अभंग जगद्गुरू तुकोबारायांचा आहे. आपण सर्वांनी आत्ताच तो चालीवर म्हटला. गायनाचार्यांनी गोड म्हटला, मृदंगाचार्यांनी गोड वाजवला, म्हणून मी तो परत म्हणत नाही. त्याच्या अर्थाकडे जाऊ.

हा अभंग तुकोबारायांनी स्वतःच्या आयुष्याविषयी सांगितलेला आहे. संतांनी विचारलं, महाराज, तुम्हाला हे वैराग्य कसं आलं? पहिल्यांदा तर महाराज सांगायलाच तयार नाहीत. स्वतःविषयी बोलू नये, असं त्यांचं मत. पण संतांचा आग्रह मोडता येईना, म्हणून थोडक्यात सांगितलं. आईवडील गेले, दुष्काळ पडला, होतं नव्हतं ते गेलं, थोरली पत्नी अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, लाज वाटायला लागली. आणि त्यानंतर महाराज काय म्हणतात? देवाचं देऊळ भंगलेलं होतं, ते नीट करावं असं मनात आलं. त्याच्यापुढे, एकादशीला कीर्तन सुरू केलं.

आता या दोन गोष्टींचा क्रम नीट बघा. आधी देऊळ, मग कीर्तन. आधी हाताला माती, मग तोंडाला अभंग.

मंडळी, मी चाळीस वर्षं कीर्तन करतो. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकलो. हा अभंग तेव्हाच पाठ झाला. शेकडो वेळा लावला असेल. पण हा क्रम माझ्या लक्षात आला तो या वळ गावात. आणि लक्षात आणून दिला तो कुणी शास्त्र्याने नाही, तुमच्याच गावातल्या एका जोडप्याने. त्यांचं नाव मी घेणार नाही. तशी मला त्यांची आज्ञा आहे. ते आत्ता इथेच बसलेत, पण कुणी माना वळवू नका. गावाला ठाऊकच आहे, पुस्तक वाचणाऱ्याला नावाची गरज नाही.

आधी तुकोबारायांचं देऊळ बघू, मग या घराकडे येऊ.

देहूला इंद्रायणीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ होतं. तुकोबारायांचे पूर्वज विश्वंभरबाबा पंढरीचे वारकरी. त्यांच्या भक्तीसाठी देव देहूला आला, अशी परंपरा. पिढ्यान् पिढ्या त्या घराने तिथे पूजा केली. पण 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ! माणसं जगायची पंचाईत, तिथे देवळाकडे कोण बघणार? भिंती खचल्या. महिपतीबाबा ताहराबादकरांनी भक्तलीलामृतात वर्णन केलं आहे की महाराजांनी स्वतः माती कालवली, स्वतः भिंती घातल्या. गवंडी लावायला पैसा कुठे होता? महाजनकीचं घराणं, घरात सावकारी होती, आणि तो माणूस गुडघ्याएवढ्या चिखलात उभा आहे.

महाराजांच्या मनात काय असेल, ते मी सांगू शकत नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण एवढं दिसतं की ज्याचं स्वतःचं घर दुष्काळाने मोडलं, त्याने नवं काही उभारायला घेतलं नाही. पूर्वजांचं जे पडत होतं ते धरलं. देवाला सांगितलं नाही की देवा, माझे दिवस फिरू देत, मग तुझ्यासाठी सोन्याचा कळस करतो. आहे ती माती, आहे ते पाणी, आहेत ते हात.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल...

आता दृष्टांत ऐका.

हे वळ गाव. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी, दापोडे, गुंदवली, माणकोली ही सगळी शेजारची गावं. मी पहिल्यांदा या भागात आलो तेव्हा भाताची खाचरं होती. पावसात बांधावरून चालत कीर्तनाला यायचो, मागे एक जण बाजाची पेटी डोक्यावर घेऊन. भिवंडी शहरात यंत्रमागांचा खडखडाट, इकडे बेडकांचा. मग मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर माल ठेवायला सुरुवात केली. इकडून महामार्ग, तिकडे न्हावाशेव्याचं बंदर. बघता बघता खाचरांवर पत्रे चढले. आज देशभर जाणारा माल या गावांतून जातो. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या गोदामांनी पोरांना काम दिलं, शिक्षण दिलं, आजचा हा मांडवसुद्धा दिला. खोटं कशाला बोलू?

पण जमिनीला भाव आला आणि घराची किंमत गेली. कौलारू घर म्हणजे गरिबी, स्लॅब म्हणजे श्रीमंती असं झालं. एका मागे एक घरं पाडली गेली.

त्यात हे एक घर. आजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, वर माळा, दोन पाख्यांवर मिळून दोन हजारांवर मंगलोरी कौलं. भिंती मातीच्या. दोघे भाऊ. वाटणीची वेळ आली. धाकटा म्हणाला, घर पाडू, जागा गोदामाला देऊ, पैसे वाटून घेऊ. त्याचं चुकलं नव्हतं, त्यालाही संसार होता. थोरला यंत्रमागावर फिटर. माग बंद पडत चाललेले, पगार आज आहे उद्या नाही. त्याची बायको गोदामात माल निवडायला जायची. तरी नवराबायको एका मताने म्हणाली, शेतातला आमचा वाटा तू घे, घर आम्हाला दे.

गाव हसलं. शेताला सोन्याचा भाव आणि हे पडकं घर मागतात!

तुकोबारायांनी काय केलं होतं? सावकारीच्या कागदांची वाटणी झाली. निम्मे भाऊ कान्होबांना दिले, आपले निम्मे इंद्रायणीत सोडले. भावाचा वाटा बुडवला नाही, बुडवला तो आपला. वैराग्य स्वतःच्या वाट्यापुरतंच असतं. दुसऱ्याच्या ताटातलं सोडण्याला वैराग्य म्हणत नाहीत. या जोडप्याने भावाला त्याचं पुरतं दिलं, म्हणून तर त्याच्याशी बोलणं तुटलं नाही.

तर त्या वर्षी सप्ताहाला मी आलो होतो. मला घर दाखवायला नेलं. मी वर पाहिलं तर आढ्याला बाक आलेला. एका खांबाचं बूड कुजलेलं. माजघराच्या भिंतीवर हात ठेवला तर ओल. मी काय सांगितलं असेल? मी म्हणालो, "दादा, मोह सोडा. देह नाशिवंत, तिथे घराचं काय घेऊन बसलात? पाडा आणि दोन खोल्यांचा स्लॅब टाका." वर दोन प्रमाणंही दिली. कीर्तनकाराला प्रमाणं द्यायला काय लागतं?

दादा काही बोलले नाहीत. वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "बुवा, घर म्हातारं झालंय, मेलं नाय."

म्हाताऱ्या माणसाला कुणी पाडतं का? मी गप्प झालो. पण पटलं होतं असं नाही. मनात म्हटलं, दोन पावसाळे जाऊ देत, कळेल.

मंडळी, त्याला नऊ वर्षं झाली. दर वर्षी मी सप्ताहाला येतो आणि दर वर्षी त्या घराचा एक भाग नीट झालेला बघतो. एका दमात काही नाही. पैसा साठला की काम, सुट्टी मिळाली की काम.

पहिल्या वर्षी त्यांनी फक्त छप्पर धरलं. लोक आधी भिंती रंगवतात, कारण त्या दिसतात. हे दोघे म्हणाले, आधी पाणी थांबवू. वैशाखात एका पाख्याची कौलं उतरवली. एकेक कौल धुतलं, आणि मग काय करायचं, कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं. तडकलेलं बद्द वाजतं. डोळ्याला तडा दिसत नाही, पण आवाज सांगतो. बद्द वाजलेलं बाजूला. त्याच्या जागी कौलं कुठून आणली? आजूबाजूला घरं पाडली जात होती, त्यांची कौलं कुणालाच नको होती. कामावरून येताना वहिनी चार चार कौलं पिशवीतून आणायच्या. दुसऱ्यांनी टाकलेल्यावर यांचं घर शाकारलं गेलं.

टाळकरी मंडळींना सांगायला नको. टाळ तडकला की लाख पुसा, चकचकीत करा, आवाज लपत नाही. आपणही अधूनमधून स्वतःला वाजवून बघावं. कुणी चार शब्द बोललं, अपमान केला, म्हणजे ते बोट वाजलं. आतून काय आवाज येतो? खणखणीत येतो की बद्द? माळ गळ्यात आहे, गोपीचंदन कपाळाला आहे, पण आवाज काय येतो?

दुसऱ्या वर्षी खांब. सागाचा खांब वरून शंभर वर्षं टिकतो. पण बुडाशी ओल राहिली की तिथून कुजतो आणि वाळवी चढते. दादांनी एक जुना जाणकार सुतार दोन दिवसांसाठी आणला, त्याच्याकडून समजून घेतलं, मग काम धरलं. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले. वजन उचलायला जॅक पाहिजे. एका ट्रकवाल्याने त्याचा जॅक दिला. ज्या गोदामांनी घरं घालवली, त्याच गोदामाच्या दारातल्या ट्रकच्या जॅकवर हे घर उभं राहिलं! देव कुठल्या हाताने देईल, सांगता येत नाही. आणि उचलायचं किती? सुताराने सांगितलं होतं, एका दिवसाला तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त उचललं तर भिंतीला तडे जातात. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर जॅकचा थोडा फेर. मग कुजलेलं बूड कापलं, खाली दगडाचा उंच तळखडा बसवला, आणि त्यावर खांब टेकवला. लाकडाचा मातीशी संबंध तुटला, ओल थांबली.

नेवाशाला गेलेले कोण कोण आहेत? तिथे तो खांब बघितला असेल. शके 1212 साली, म्हणजे 1290 मध्ये, माउलींनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब. भोवतीचं जुनं देऊळ काळाने नेलं, खांब उघड्यावर राहिला. पुढे लोकांनी त्याच्याभोवती मंदिर बांधलं. एक खांब राहिला तरी घर पुन्हा होतं. घरात एक माणूस जरी नेमाने हरिपाठ म्हणत असेल, तर त्या घराची आशा सोडू नका.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी भिंती. इथे ऐकण्यासारखं आहे. दादांच्या वडिलांनी हौसेने मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. वरून भिंत गुळगुळीत, पक्की. पण मातीची भिंत श्वास घेते. जमिनीतली ओल तिच्यात चढते आणि उन्हावाऱ्याने निघून जाते. वरून सिमेंट लावलं की ओल आत कोंडते. बाहेरून कळत नाही, आतून भिंतीचा चुरा होतो, लोणा धरतो. दादांनी एका जागी गिलावा ठोकून काढला तर आत मूठभर हात गेला.

सगळं सिमेंट काढलं. आणि मग काय केलं? काहीच नाही! एक अख्खा उन्हाळा भिंती उघड्या ठेवल्या, वाळू दिल्या. पाहुणे यायचे, म्हणायचे, काय हे, घराची लाज गेली. नवराबायको ऐकून घ्यायची.

पुढच्या कामाच्या गुरू वहिनी. दादांना लोखंड कळतं, लाकूड आता कळायला लागलं होतं, पण माती वहिनींना कळत होती. माहेरी आईबरोबर भिंती लिंपल्या होत्या. माती चाळायची, भिजत घालायची, त्यात भाताचं तूस, शेण घालायचं, पायांनी तुडवायचं. तुडवून तुडवून मातीचा लोण्यासारखा गोळा झाला पाहिजे. दादांनी एकदा घाई केली, एकाच दिवसात जाड थर दिला. चार दिवसांनी सगळ्या भिंतीला भेगा. वहिनी म्हणाल्या, "मी सांगत व्हते." दादांनी तो थर काढला, पुन्हा तुडवायला घेतली. वर मग कळीचा चुना विझवून, मुरवून त्याचे हात दिले. आज ती भिंत बघा, हात लावा. भर श्रावणात कोरडी आहे.

दंभाचा गिलावा हा असा असतो, माउली. आत क्रोध आहे, मत्सर आहे, ती ओल आहे. प्रत्येकाच्यात असते. ती निघून जायला वाट ठेवा. संतांपुढे उघडे व्हा, म्हणा, महाराज, माझ्या आत हे आहे. तुकोबारायांनी आपले दोष किती उघडपणे गायले आहेत! आपण मात्र वरून घट्ट सिमेंट लावतो. लोक म्हणतात काय छान भक्त आहे, आणि आत भिंत भुसभुशीत होत असते.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल...

कुणी म्हणेल, बुवा, तुम्ही जुनी पडकी घरं धरून बसायला सांगता काय? उद्या अंगावर पडलं म्हणजे? नाही. तसं मी सांगत नाही. 29 एप्रिल 2023 ची दुपार इथे कोण विसरलं असेल? जवळच वळपाड्यात इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती माणसं. ढिगाऱ्याखालून माणसं काढायला रात्री जागल्या. कुणी जिवंत निघालं, कुणी निघालं नाही. त्याआधी सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीत पहाटेच्या झोपेत तीन मजली इमारत पडली, कितीतरी संसार संपले. या काही मातीच्या, कौलांच्या इमारती नव्हत्या. तेव्हा घर जुनं की नवं हा प्रश्न नाही, त्याच्याकडे कुणी बघतं का, हा प्रश्न आहे. भिंत झुकली, खांब सरकला, भेग रोज वाढायला लागली, तर जाणकाराला दाखवा. तो म्हणाला बाहेर पडा, तर त्याच रात्री बाहेर पडा. देव्हारा उचला आणि निघा. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं नव्हे. त्या दादांनी सुताराला विचारल्याशिवाय एक टेकू हलवला नाही.

आता तुम्हाला एक माझी गोष्ट सांगतो. ती आजवर कीर्तनात सांगितली नव्हती.

माझंही एक जुनं घर होतं. वडिलांचं. वडीलही कीर्तन करायचे. त्यांच्या हातची अभंगांची बाडं त्या घरात माळ्यावर, लाकडी पेटीत होती. एका पावसाळ्यात माझी पत्नी म्हणाली, "अहो, आढ्याजवळचं कौल सरकलंय, जरा बघून घ्या." मी सप्ताहाला निघालो होतो. म्हटलं, आल्यावर बघू. आलो तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे निघालो. पुढच्या वर्षी तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, आल्यावर बघू. तिने खाली भांडं ठेवलं, भरलं की ओतायची. तिसऱ्या वर्षी तिने सांगायचं सोडलं. ते मला तेव्हा कळलंच नाही. मला वाटलं, गळायचं थांबलं असेल.

चौथ्या पावसाळ्यात ते पाखं बसलं. देवाची कृपा, कुणाला लागलं नाही. मी त्या रात्री कुठे होतो? कीर्तनात होतो. हाच अभंग लावला होता. सकाळी येऊन पेटी उघडली. बाडाची पानं एकमेकांना चिकटून गोळा झालेली, शाई उतरून गेलेली. तुकोबारायांच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीच्या डोहात राहून कोरड्या निघाल्या. माझ्या वडिलांच्या वह्या माझ्याच घरात, माझ्याच छपराखाली भिजून गेल्या.

एक कौल, मंडळी. शिडी लावून, हात वर करून सरकवायचं. घटकाभराचं काम.

आणि असा मी, त्या जोडप्याला सांगत होतो, मोह सोडा, घर पाडा! तो उपदेश नव्हता. माझं मी केलं नाही, ते दुसरं कुणी करतंय हे मला बघवत नव्हतं. आज हे तुमच्यापुढे उघडं करतो, कारण आत्ताच सांगितलं, ओलीला वाट ठेवा.

संतांची परंपरा बघितली तर ती डागडुजीची परंपरा आहे. नाथबाबांकडे बघा. पैठणचे एकनाथ महाराज. एवढी प्रतिभा, भागवतावर टीका लिहिणारा महात्मा. त्यांना स्वप्नात माउलींनी सांगितलं की अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, येऊन काढ. नाथबाबा आळंदीला आले, समाधीत उतरले, मुळी दूर केली. आणि पुढे शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करता करता अशुद्ध पाठ शिरले होते. नाथबाबांनी पोथ्या मिळवल्या, ताडून पाहिल्या, एकेक ओवी नीट केली. त्यांना स्वतःच्या चार ओव्या घालता आल्या नसत्या का? पण नाही. आणि कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असंही बजावून ठेवलं. तडकलेलं कौल बदललं, पण आपलं नाव कोरून ठेवलं नाही. ती पोथी आज आपण पारायणाला मांडतो. नाथबाबांनी ते छप्पर शाकारलं नसतं तर आज आपल्यापर्यंत काय पोचलं असतं?

आणि या सगळ्यात माउल्यांना विसरू नका. नाथबाबांच्या घरी वेळी अवेळी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गिरिजाबाईंनी जेवू घातलं. तुकोबाराय भंडाऱ्यावर बसले तेव्हा जिजाईने भाकरी घेऊन डोंगर चढला. लोक तिला कजाग म्हणतात. मी म्हणतो, घरातलं कौल सरकलंय हे जिला पहिल्यांदा दिसतं, ती बोलणारच. तिचं बोलणं ऐकलं तर घर राहतं. वहिनींचं दादांनी ऐकलं. माझ्या घरात मी ऐकलं नाही.

या दोघांचं सगळं गोड झालं असं समजू नका. त्यांचा एक मुलगा आहे, शिकलेला. त्याला ठाण्याकडे फ्लॅट घ्यायचा होता. जागा विकली असती तर झाला असता. वडिलांनी नाही म्हटलं, तो रागावून गेला. फोन करतो, सणाला पैसे पाठवतो, येत नाही. घराचं सगळं झालं, पण माळ्याखालची एक खोली अजून तशीच आहे. भिंती लिंपल्यात, चुना दिला नाही. मी विचारलं, हिला का ठेवलं? वहिनी म्हणाल्या, "ती त्याची हाय. त्यानं हात लावायचा." चुना मुरवून मडक्यात झाकून ठेवला आहे. वर पाणी राहिलं की चुना खराब होत नाही, उलट जितका मुरेल तितका चांगला. दर थोड्या दिवसांनी त्या मडक्यात पाणी घालतात.

मी कीर्तनकार. मला म्हणता आलं असतं की पांडुरंग त्याला आणील. पण ते माझ्या हातात नाही. मडक्यात पाणी घालणं मात्र त्यांच्या हातात आहे, आणि ते त्या करतात.

यंदा माझा मुक्काम त्याच घरात आहे. परवा रात्री काय पाऊस झाला, तुम्हाला ठाऊक आहे. मी माजघरात झोपलो होतो. दोनच्या सुमाराला जाग आली. टप्... टप्... म्हटलं, बघा, नऊ वर्षं काम करून शेवटी गळलंच! तेवढ्यात वरच्या माळ्यावर उजेड हलला. बघतो तर दोघे जागे. दादा शिडीवर, वहिनी खाली टॉर्च धरून. दादांचं वय साठीला आलंय. काठीने आतून एक कौल हळूच वर सरकवलं, दाबलं. दोघे थांबली, कान देऊन ऐकत राहिली. आवाज थांबला. वहिनी म्हणाल्या, "झालं." दादा उतरले. हात धुतले, देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि दोघे झोपून गेली.

मला मात्र झोप लागली नाही.

मला वाटत होतं, घर एकदाचं नीट झालं म्हणजे संपलं. ते कधीच संपत नाही. कौल पुन्हा सरकणार, पुन्हा उठावं लागणार. म्हणूनच आपल्यात नित्यनेम आहे. रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी. काल म्हटला होता हरिपाठ, आज कशाला? काल कौल बसवलं होतं, आज कशाला बघायचं? मन सरकतं, मंडळी. वाऱ्याने सरकतं, माकडाने सरकतं, काही कारण नसताना सरकतं. सरकलं म्हणून रडत बसायचं नाही आणि घर पाडायला निघायचं नाही. उठायचं, दिवा घ्यायचा, सरकवायचं.

सुदामदेवाची कथा सगळ्यांना पाठ आहे. पोहे घेऊन द्वारकेला गेला, परत आला तर झोपडीच्या जागी सोन्याचा वाडा. देवाने एका रात्रीत बांधून दिला. आपल्याला वाटतं, आपल्यालाही तसा मिळावा. मिळाला तर आनंदच आहे. पण त्या रात्री शिडीखाली टॉर्च धरून उभी असलेली ती माउली पाहिली आणि मला वाटलं, देवाने यांनाही दिलंच की. सुदामदेवाला एका रात्रीत दिलं, यांना नऊ वर्षं रोज थोडं थोडं, यांच्याच हातांनी दिलं.

म्हणून आज सेवेच्या शेवटी एवढंच मागतो. घरी गेल्यावर वर बघा. छपराकडे बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा, न बोलणाऱ्या भावाकडे बघा, आणि मग आत, स्वतःकडे बघा. जे सरकलं असेल ते आजच रात्री सरकवा. "आल्यावर बघू" म्हणू नका. मी म्हटलं होतं.

तुकोबारायांनी आधी देऊळ नीट केलं, मग कीर्तन केलं. माझं उलटं झालं. पण देव दयाळू आहे, उशिरा आलेल्यालाही चिखल तुडवायला घेतो. सप्ताह संपला की मी गावी जाणार आहे. वडिलांच्या त्या घराचं जोतं अजून शाबूत आहे. दादांनी जॅक मिळवून देतो म्हणून सांगितलंय, आणि वहिनींनी माझ्या पत्नीला माती कशी तुडवायची ते शिकवायचं कबूल केलंय. पत्नी म्हणाली, "मला येतं. तुम्हालाच शिकवायला सांगा."

बोला, पुंडलीक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! जगद्गुरू तुकाराम महाराज की जय!